पॅकर्स कुणाला घेणार? ड्राफ्टचा अंदाज बांधायची माझी रीत

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचा अंदाज बांधायचा असेल तर खेळाडूंची नावं सगळ्यात शेवटी पाहा. आधी संघाचा चोपडा उघडा. माझा जावई विस्कॉन्सिनला असतो, त्यामुळे आमचा संघ तिथलाच, ग्रीन बे पॅकर्स. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट भरतो, तेव्हा आमची पैज ठरलेली असते. मी हरले तर बडोद्याहून लिलो चिवडा पाठवायचा, तो हरला तर तिकडचं चीज. जन्मभर दांडिया बाजारात एका पेढीवर नामं लिहिलं, त्यामुळे ही रीत हिशेबनीसाची आहे, खेळाडूची नाही.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी. 32 संघ, 7 फेऱ्या. मागच्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्याचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. पण हे नंबर विकले-बदलले जातात, म्हणून आपल्या संघाच्या हाती नक्की कोणते नंबर उरलेत ते लिहून काढा. ऑगस्ट 2025 मध्ये पॅकर्सनं मायका पार्सन्सला आणलं आणि त्याच्या बदल्यात आपल्या केनी क्लार्कबरोबर 2026 आणि 2027 च्या पहिल्या फेरीचे नंबर डॅलस काउबॉइजला दिले. त्या वर्षांसाठी पॅकर्सच्या नावापुढे पहिल्या फेरीतला खेळाडू कुणी लिहून दाखवला, तर त्यानं चोपडा पाहिलेलाच नाही.

आता करार. बहुतेक लोक मागच्या हंगामात कुठली जागा कच्ची होती त्याची यादी करतात. त्या यादीचा उपयोग थोडाच. ड्राफ्टमधल्या मुलाचा करार चार वर्षांचा असतो, पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष वाढवून द्यायचा हक्क संघाकडे असतो. म्हणजे संघ येत्या सप्टेंबरपेक्षा दोन वर्षांनी पडणाऱ्या भोकाचा विचार करत असतो. कुणाचा करार पुढच्या वर्षी संपतो, कुणाचं वय तिशीपार गेलं, कुणाचा पगार अचानक फुगणार, हे तीन रकाने आखा. पगारावर मर्यादा आहे (2025 साली प्रत्येक संघाला 27 कोटी 92 लाख डॉलर), त्यामुळे महागड्या माणसाच्या मागे स्वस्तातला तरुण उभा करावाच लागतो. 2020 मध्ये अ‍ॅरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा) जागेवर असताना पॅकर्सनं वर सरकून, म्हणजे सौद्यानं वरचा नंबर मिळवून, 26 व्या नंबरला त्याच जागेच्या जॉर्डन लव्हला घेतलं. गावभर बोंब झाली. 2023 मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि लव्ह उभा राहिला. स्वतः रॉजर्सही 2005 मध्ये, त्याच जागेवर ब्रेट फार्व्ह खेळत असताना, 24 व्या नंबरला असाच आलेला.

मला सगळ्यात गोडी आहे ती जनरल मॅनेजरच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणाऱ्याच्या, सवयीत. पेन कुणाच्या हातात आहे ते पाहा आणि त्यानं आजवर काय काय लिहिलं ते एका पानावर उतरवा. पॅकर्सचे ब्रायन गुटेकुन्स्ट 2018 पासून आहेत. 2018 ते 2023 या काळात त्यांनी पहिल्या फेरीत आठ जण घेतले, त्यातले सात बचाव फळीतले, आठवा लव्ह. रिसीव्हरची (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची) गंमत तर आणखी जुनी. 2002 मधल्या जॅव्हॉन वॉकरनंतर पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर नाही, पण दुसऱ्या फेरीत ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डेव्हॅन्टे अ‍ॅडम्स, ख्रिश्चन वॉटसन. मग 2025 मध्ये, ड्राफ्ट ग्रीन बेलाच भरला असताना, 23 व्या नंबरला मॅथ्यू गोल्डन! तेव्हा सवयीला झुकतं माप द्यावं, पूर्ण माप नाही. आणि मॅनेजर बदलला की जुनं पान फाडावं.

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला कम्बाइन नावाच्या चाचणी-मेळाव्यात या मुलांच्या धावण्या-उड्यांची मोजमापं होतात, त्यात फार रमू नका. झेव्हियर वर्दी 2024 मध्ये 40 यार्ड 4.21 सेकंदांत धावला, तो विक्रम. तरी घेतला गेला 28 व्या नंबरला.

संघांच्या एप्रिलमधल्या बोलण्यावर तर अजिबात जाऊ नका. मुलाकडचे जसे "आम्हाला काही नको, मुलगी तेवढी चांगली हवी" म्हणतात, तशी ही विधानं. त्यापेक्षा कुणाला भेटीला बोलावलं ते पाहा. आपल्या आवारात बोलावण्यासाठी संघाला तीस जणांचीच मुभा असते. क्वार्टरबॅकचा अंदाज मात्र वेगळ्या पानावर ठेवा, तिथे कसलाच नियम चालत नाही. अ‍ॅटलांटा फाल्कन्सनं मार्च 2024 मध्ये कर्क कझिन्सशी चार वर्षांचा 18 कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिलमध्ये आठव्या नंबरला मायकेल पेनिक्स घेतला. पुढच्या वर्षी शेडूर सँडर्सचं नाव पहिल्या फेरीत धरलं जात होतं, तो घसरत 144 व्या नंबरला गेला.

संघ वर सरकेल की खाली, यासाठी काउबॉइजचे जुने प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळापासूनचा गुणांचा तक्ता हाताशी असू द्या: पहिल्या नंबरला 3000 गुण, 32 व्याला 590. आजकाल प्रत्येक संघ आपापला तक्ता वापरतो, पण सौदा होण्याजोगा आहे की नाही एवढं यावरून कळतं.

आता कुठे नावं. प्रत्येक नंबरापुढे आधी जागा लिहायची, मग मुलाचा घाट (बांधा आणि खेळायची ढब), आणि त्या घाटातली तीन नावं. एकच नाव लिहिणारा जुगार खेळतो. आमच्या पैजेत नाव जुळलं तर पाच गुण, नुसती जागा जुळली तर दोन. जावयाला हे मान्य व्हायला वेळ लागला, कारण तो नावांचा माणूस.

पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला. चौथीपासून पुढचं शनिवारी रात्री साडेनऊनंतर. पाचव्या फेरीपुढचा अंदाज मी बांधत नाही, जावयानं बांधला तर त्याचे गुणही धरत नाही.