लाल भोपळा आणि सॉसेजचा पास्ता: थंडी सुरू झाली की रात्रीच्या जेवणाला हाच करा

ऑक्टोबर लागला की युरोप-अमेरिकेत बाजारात भोपळेच भोपळे दिसायला लागतात, आणि तिकडे राहणारी आपली मंडळी बटरनट (तिकडचा लांबट, फिकट सालीचा भोपळा) घरी आणतात आणि शेवटी त्याची भाजीच करतात. भाजी छानच होते, पण एकदा हा पास्ता करून बघा. उत्तर इटलीत शरद ऋतूत भोपळा आणि पोर्क सॉसेजचा पास्ता घरोघरी होतो, मांतोवा गावात तर भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेली (करंजीसारखा भरलेला पास्ता) फार प्रसिद्ध आहेत, पण ते वेळखाऊ काम आहे, हा साधारण तासाभरात होतो.

चार जणांना ४०० ग्रॅम रिगातोनी घ्या (रेघांचा जाड नळीवाला पास्ता, रेघांमुळे सॉस धरून ठेवतो), ४०० ग्रॅम ताजं इटालियन सॉसेज, ७०० ग्रॅम भोपळा, पावशेर मश्रूम, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, केल या पालेभाजीची छोटी जुडी, सेज या सुवासिक वनस्पतीची आठ-दहा पानं, आणि किसलेलं पार्मेझान चीज हात आखडता न घेता.

आता मुख्य गोष्ट. सगळं एकाच कढईत एकदम टाकायचं नाही. भोपळा आणि मश्रूम दोघांनाही पाणी सुटतं, मग मांस परतलं न जाता नुसतं शिजतं आणि खमंगपणा येतच नाही. म्हणून भोपळ्याच्या इंचभर फोडी करून तेल, मीठ, मिरपूड लावून ट्रेमध्ये सुट्या सुट्या पसरा आणि ओव्हनमध्ये २०० डिग्री सेल्सिअसला ३०-३५ मिनिटं भाजा, कडा तपकिरी व्हायला हव्यात. भारतात मिळणारा लाल भोपळा जरा जास्त पाणीदार असतो, त्याला अजून दहा मिनिटं द्या. ओव्हन नसेल तर पसरट तव्यावर थोड्या थोड्या फोडी भाजा, झाकण न ठेवता.

तोवर सॉसेजचं वरचं आवरण काढून आतलं मांस मोकळं करा, मोठ्या कढईत थोडं तेल तापवून त्यात घाला आणि दोन-तीन मिनिटं हलवूच नका. खालून खरपूस रंग आला की मग फोडा, परता, आतून गुलाबी राहायला नको, आणि बाजूला काढा. पोर्क चालत नसेल तर चिकन किंवा मटणाचा खिमा घ्या आणि त्यात चमचाभर अर्धवट कुटलेली बडीशेप, ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बडीशेप वगळू नका बरं का, इटालियन सॉसेजची ओळखीची चव बरीचशी तिचीच असते.

त्याच कढईत, त्याच चरबीत मश्रूम मोठ्या आचेवर परता, मीठ शेवटी. मग कांदा, लसूण, सेज. तळाला जो तपकिरी थर चिकटलेला असतो तोच सगळ्या सॉसचा जीव आहे, त्यावर अर्धी वाटी व्हाइट वाइन (किंवा पाणी आणि थोडं लिंबू) ओतून उलथन्याने खरवडून घ्या. मांस परत आत, देठ काढून चिरलेलं केल आत, झालं.

पास्त्याला ४ लिटर पाण्याचं आधण ठेवा, त्यात ४० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, जास्त वाटतं पण बरंचसं पाण्यातच राहतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढायचा, आत किंचित कणी राहिलेली हवी. आणि ते पाणी ओतून देऊ नका!! त्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, पेजेसारखं दिसतं. त्यातलं दीड-दोन वाट्या बाजूला ठेवा.

आता भाजलेल्या भोपळ्यातला अर्धा कढईत घालून डावाने ठेचा, वाटीभर ते पाणी घाला, पास्ता घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं सतत हलवत राहा, भोपळा आणि स्टार्च मिळून असा दाट सॉस होतो की क्रीमची गरजच पडत नाही. गॅस बंद करून मग चीज, उकळत्या सॉसमध्ये घातलं तर त्याच्या गुठळ्या होतात. उरलेल्या फोडी सगळ्यात शेवटी वरून, म्हणजे त्या अख्ख्या राहतील.

लगेच खायला बसा, थांबलात तर घट्ट होतो, तसं झालंच तर राखून ठेवलेलं पाणी थोडं घालून सैल करा. उरला तर दुसऱ्या दिवशी थोडं दूध आणि वरून चीज घालून २० मिनिटं बेक करा, डब्यालाही मस्त जातो.