लघुग्रह शोधायला दुर्बीण लागत नाही, लॅपटॉप लागतो

सांगलीत बसून लघुग्रह शोधतो म्हटलं की पहिला प्रश्न दुर्बीण केवढ्याची. अहो दुर्बीण नकोच. इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनच्या मोहिमेत टीमचं नाव फुकट नोंदवायचं, मग हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो (आरसा १.८ मीटरचा!) आपल्याला मिळतात.

अॅस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअर टाका, विंडोजवर चालतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो उघडायचे आणि ब्लिंक करायचं, म्हणजे ते एकामागून एक लुकलुकतात, तारे जागेवर राहतात आणि एखादा फिकट ठिपका सरळ रेषेत, सारखं सारखं अंतर टाकत सरकतो, तो आपला. खोलीत अंधार करा, स्क्रीन झूम करा, घाई नको. मी पहिल्या रात्री असा ठिपका बघून अख्ख्या घराला उठवलं, तो निघाला कॅमेऱ्याचा खराब पिक्सेल, चारातल्या एकाच फोटोत होता 😅 म्हणून चारही फोटोत दिसतोय का, ताऱ्यासारखा गोल आहे का, आधीच माहीत असलेला तर नाही ना, हे बघूनच रिपोर्ट पाठवायचा.

पुढचं काम मायनर प्लॅनेट सेंटरचं, म्हणजे जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचं. आधी तात्पुरतं नाव मिळतं, उदा. १९८८ डीक्यू१, यातला डी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. हा तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून सापडलेला, आता ४१३० रामानुजन. कक्षा पक्की झाली की कायमचा नंबर, आणि त्याला वर्षानुवर्षं लागतात, पोरं दहावीत असताना सापडला तर नंबर येईस्तोवर नोकरीला लागलेली असतील.

नंबर पडला की नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याला, तोही १० वर्षं. रोमन लिपीत स्पेस धरून जास्तीत जास्त १६ अक्षरं, जमल्यास एकच शब्द, कंपनीची जाहिरात चालत नाही. आमच्या ग्रुपवर एकाने लगेच आमदारांचं नाव टाकलं, राजकारणी माणूस जाऊन १०० वर्षं व्हावी लागतात म्हटल्यावर गप. दुसऱ्याला कुत्र्याचं हवं होतं, तेही नावं मंजूर करणाऱ्यांना आवडत नाही. शेवटचा निर्णय आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या समितीचा, पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे नाव विकतो म्हणणाऱ्याला पळवून लावा.

आमचं ठरलंय, कृष्णामाई, दहाच अक्षरं. लघुग्रह तेवढा सापडायचाय.