मालक दुरुस्ती करत नाही? भाडं अडवण्याआधी या चुका टाळा

कर्वेनगर असो, धनकवडी असो की विमाननगर, पुण्यात फ्लॅट घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची तक्रार ठरलेली असते: "मालक फोनच उचलत नाही." काही मालक तसे असतातच. पण बऱ्याचदा काम अडतं, कारण तक्रार ऐकूनही नेमकं काय करायचं हे मालकाला कळलेलं नसतं.

"लीकेज आहे, प्लीज बघा"

एवढ्याच मेसेजवर मालकाने करायचं काय? कुठे गळतंय, किती, कोणाला पाठवायचं, घरी कोण असेल, हे विचारायला त्याला उलट फोन करावा लागणार, आणि तो राहून जाणार. त्यात मालक बंगळुरूला नाहीतर परदेशात असला, तर इथे फक्त त्याचे सत्तरीतले वडील असतात. त्यांना प्लंबर शोधायला लावणं हीच मोठी अडचण असते. मेसेज असा जायला हवा:

"काका नमस्कार. बेसिनखालचा अँगल कॉक रविवारपासून गळतोय. खाली बादली ठेवलीय, रात्रीत अर्धी भरते. व्हॉल्व्ह बंद केला की गळती थांबते, पण मग बाथरूमला पाणी येत नाही. वॉचमनच्या ओळखीचा प्लंबर उद्या सकाळी येतोय, पार्टसकट ४५० सांगतोय. मी घरी आहे. करून घेऊ का? बिल पाठवतो, पुढच्या भाड्यातून वजा करू का तेवढं सांगा."

सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ. आता मालकाला फक्त "हो" लिहायचं आहे, आणि तो "हो" लेखी राहतो. फोनवर बोलणं झालं तरी लगेच मेसेज टाका: "आत्ता ठरल्याप्रमाणे शनिवारपर्यंत प्लंबर येईल." चौघांनी चार वेगवेगळे मेसेज करू नका, एकानेच बोला. आणि ब्रोकरला सांगितलं म्हणजे मालकाला सांगितलं असं धरून चालू नका. ब्रोकरेज मिळालं की ब्रोकरचा त्या फ्लॅटमधला रस संपतो.

पाणी कुठून येतंय हे न पाहताच भांडणं

छताला ओल आली की मालक म्हणतो सोसायटीला सांगा, सेक्रेटरी म्हणतात मालकाला सांगा. यात महिने जातात. आधी थोडं निरीक्षण करा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. (पेनने नको, तेवढ्यावरून डिपॉझिट कापणारे आहेत.) पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी डाग वाढत असेल, तर संशय वरच्या फ्लॅटच्या बाथरूमवर किंवा भिंतीतल्या पाइपवर. पावसातच वाढून नंतर सुकत असेल, तर टेरेस किंवा बाहेरची भिंत.

हा फरक पैशाचा आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीनुसार) टेरेस, सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज आणि पावसाच्या पाण्याची गळती हा सोसायटीचा खर्च, तर फ्लॅटच्या आतलं संडास-सिंकचं लीकेज त्या सभासदाचं. सभासद मालक आहे, तुम्ही नाही. त्यामुळे तुमच्या अर्जाला सेक्रेटरी दाद देतीलच असं नाही. फोटो लावून ईमेल तुम्ही तयार करा आणि मालकाला सांगा, "काका, हा फक्त तुमच्या मेलवरून सोसायटीला पाठवा."

आणखी एक. भर जुलैत टेरेसचं वॉटरप्रूफिंग मागू नका, ते कोरड्या दिवसांतच होतं. तोपर्यंत ताडपत्री मागा आणि काम पाऊस संपल्यावर कधी करणार ते लिहून घ्या. ओल्या भिंतीवर नुसता रंग मारून देतो म्हणाले तर नको म्हणा, पोपडे परत येतात.

परस्पर भाडं कापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ चा हवाला देऊन कोणीतरी सांगतं की १५ दिवसांची नोटीस द्या, दुरुस्ती करून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा. कलम खरं आहे. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच कापता येतं, ही मर्यादाही त्यातच आहे. पण तो हक्क भाडेकरूचा, आणि तोही करारात वेगळं ठरलं नसेल तर. तुमच्या हातात असतो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहण्याच्या परवानगीचा करार. त्यात तुम्ही भाडेकरू नव्हे, परवानाधारक. तुमच्यासाठी मुख्य आधार करारातली कलमं आणि मालकाची लेखी संमती. ती नसताना भाडं कापलंत, तर दुरुस्तीची तक्रार बाजूला राहते आणि भाडं थकवणारे तुम्ही ठरता. रागाच्या भरात मुदत संपल्यावरही फ्लॅट न सोडणं त्याहून वाईट: याच कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

"नोटरी केलीय ना, झालं"

झालं नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचीही नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे धमकी म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये लिहू नका. माहीत असलेलं बरं.

खरा जोर लावायची वेळ टोकन देण्याआधीची. गीझर चालू करून बघा, सगळे नळ एकदम सोडा, फ्लश ओढा, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतला पाणी जायचा जाळीचा मार्ग) तुंबतोय का पाहा. करारात एक ओळ घाला: प्लंबिंग, वायरिंग आणि गीझरची मोठी दुरुस्ती मालकाकडे, बल्ब-वॉशरसारखी किरकोळ आमच्याकडे, किरकोळ म्हणजे अमुक रुपयांपर्यंत. आकडा नसला की "किरकोळ" शब्दावरूनच भांडण होतं. चाव्या घेतल्या त्या दिवशी पूर्ण फ्लॅटचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा.

विजेच्या बाबतीत वाट बघणं

वर सांगितलेला संयम इथे नको. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा मेन स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग व ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासेपर्यंत आंघोळीचं पाणी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवा. मालकाला फोन त्यानंतर. मीटरपर्यंतचा बिघाड असेल तर महावितरणचा १९१२ आहे. हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो वापरूच नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अशा बाथरूममध्ये माणसं दगावली आहेत.

शेवटचे दोन महिने "भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या"

मालक लेखी हो म्हणाला तर ठीक. नाहीतर दुरुस्तीची बिलं, मेसेज आणि पहिल्या दिवसाचा व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवा आणि चावी देताना मालकासोबत फ्लॅट फिरून हिशेब तिथेच लिहून घ्या. डिपॉझिट अडलंच, तर वकिलाच्या फीला घाबरून सोडून देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो, हेल्पलाइन १५१००. मुलींना तिथे वकीलही मोफत मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे फ्लॅटमधल्या मुलींपैकी एकीचं नाव करारात असेल तर अर्ज तिनेच करावा.