मधुमेहात डब्याचे प्रमाण कसे ठरवावे

ठाण्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्या मधुमेही माणसाचे दुपारचे जेवण डब्यातच ठरून जाते, म्हणून प्रमाणाचा विचार डबा भरतानाच करावा. आधी चार दिवस ९ इंची ताट घेऊन त्याचा अर्धा भाग पालेभाजी, दुधी, गवार आणि कोशिंबिरीने, पाव भाग उसळ, घट्ट वरण, मासे किंवा अंड्यांनी आणि उरलेला पाव भाग पोळी, भाकरी किंवा भाताने भरून पाहावा. मग तेच माप डब्यात नजरेने जमू लागते.

बटाटा, रताळे आणि साबुदाणा भाजीत नव्हे, भाताच्या वाट्यात मोजावेत. ज्वारीची भाकरी चांगलीच, परंतु तिच्यातही पिष्ट असते आणि ताटभर भाकरी एका फुलक्याएवढी खचितच नसते. २० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके धरतात, तेव्हा घरच्या काट्यावर एकदा कोरडे पीठ तोलून पाहावे. वाशीच्या बाजारातून हापूसची पेटी आलीच, तर आमरसाऐवजी दोन फोडी खाव्यात आणि त्या जेवणातली पोळी कमी करावी.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर गाडी रखडली तरी जेवणाची वेळ टाळू नये. थरथर सुटली, घाम आला आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्यासाठी साखरेची पुडी डब्याच्या पिशवीत कायम असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.