स्वच्छ पर्वतीय सरोवराचे ऋतुमानानुसार तापमान आणि सामू कसा मोजावा

होडी सर्वांत खोल जागी स्थिर करून, खुणा केलेल्या दोरीला तापमापक बांधून दर मीटरला नोंद घ्यावी. उन्हाळ्यात वरचा उबदार थर संपून तापमान झपाट्याने उतरू लागते, त्या पट्ट्यात मात्र दर अर्ध्या मीटरला मोजावे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून हिवाळ्यात बर्फाखाली सर्वांत थंड पाणी वर आणि ४ अंशांच्या आसपासचे खाली सापडते. वसंत व शरदात वरपासून तळापर्यंत एकच आकडा आला, तर सरोवर पूर्ण घुसळले गेले आहे असे समजावे.

नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि तोंडाला बोट लावू नये. इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात घामातले मीठही मोजमापात दिसते.

खरी अडचण सामू, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा pH, मोजताना येते. ‘बफर द्रावणांत, म्हणजे सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांत, मीटर जुळवा आणि मोजा’ हा सल्ला अशा पाण्यासाठी अपुरा आहे. या पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला १० ते २० मायक्रोसीमेन्स इतकी कमी असू शकते, तर बफरची हजारोंत असते. त्यामुळे मीटरचा पाण्यात बुडवायचा इलेक्ट्रोड बफरमध्ये अचूक दिसला, तरी सरोवराच्या पाण्यात त्याचा आकडा बराच वेळ सरकत राहतो. पहिल्या वर्षी मी मिनिटभर थांबून, पाणी ढवळत आकडे लिहिले आणि पुढे ते सगळे रद्द करावे लागले. कमी आयनांच्या पाण्यासाठी बनवलेलाच इलेक्ट्रोड घ्यावा, बफरनंतर तो शुद्ध पाण्याने आणि मग नमुन्याच्याच पाण्याने पुन्हापुन्हा धुवावा, पाणी निश्चल ठेवावे आणि आकडा खरोखर थांबेपर्यंत, प्रसंगी दहा मिनिटेही, वाट पाहावी. लिटरला ०.०००१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणात मीटरने ४.० दाखवले पाहिजे, ०.१ पेक्षा अधिक फरक पडल्यास त्या दिवशीचा एकही आकडा वहीत लिहू नये. तळाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटला की सामू वाढतो, म्हणून बाटली मोजण्याच्या क्षणीच उघडावी.

विद्युतवाहकता वेगळ्या भांड्यात मोजावी, कारण सामूच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड पाझरते.

पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता ठरवण्यासाठी नमुन्यात मोजून आम्ल घालतात; तेव्हा सामू ४.५ ला थांबण्याची सोपी पद्धत मी ठामपणे नाकारतो. तिथवर पोहोचायलाच लिटरमागे सुमारे ३० मायक्रोइक्विव्हॅलंट (म्हणजे ३० मायक्रोमोल हायड्रोजन आयनांइतके) आम्ल जादा खर्च होते, आणि अशा सरोवराची एकूण क्षमता कधीकधी त्याहून फार मोठी नसते. ४.५ च्या खाली आम्ल थेंबाथेंबाने घालत अनेक नोंदी घ्याव्यात आणि ग्रान आलेखावरून, म्हणजे घातलेल्या आम्लासोबत वाढणाऱ्या हायड्रोजन आयनांची सरळ रेषा मागे शून्यापर्यंत वाढवून, क्षमता संपल्याचा अंतिम बिंदू काढावा.