उद्यमनगरात मोटरचं कंपन मोजायला जाण्याआधी

लेथच्या मोटरच्या कंपनाचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे, त्याचा आलेख) काढायचा असेल तर बरंचसं काम उद्यमनगरात, म्हणजे लहान वर्कशॉपांच्या वस्तीत, पाय ठेवण्याआधी घरीच उरकायला हवं. सॅम्पलिंग करताना, म्हणजे सेन्सरचा सिग्नल ठरावीक अंतराने मोजून नमुने घेताना, जे हातचं सुटतं, ते नंतर कितीही कोड लिहिला तरी परत येत नाही.

आधी कागदावर आकडे मांडा. आपली वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे चार पोलच्या इंडक्शन मोटरचा सिंक्रोनस वेग (विजेच्या वारंवारतेवरून ठरणारा) मिनिटाला 1500 फेरे, आणि लोडवर साधारण 1440, म्हणजे सेकंदाला 24. रोटरचा तोल गेला असेल तर शिखर 24 हर्ट्झला उठेल, अलाइनमेंट बिघडली असेल तर बहुधा 48 लाही. त्याला खेटूनच 50 वर सेन्सरच्या वायरीत शिरलेली विजेची गुणगुण. ही दोन वेगळी ओळखता यायला हवीत. स्पेक्ट्रम वारंवारतेच्या समान घरांत विभागलेला असतो, आणि लागोपाठच्या दोन घरांतलं अंतर म्हणजे एक भागिले नोंदीचे सेकंद. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीत घरं 2 हर्ट्झची पडतात आणि 48 न् 50 एकमेकांत मिसळतात. दहा सेकंद घ्या, 0.1 हर्ट्झची घरं मिळतील. सॅम्पलिंग रेट वाढवून इथे काही साधत नाही, वेळच वाढवावा लागतो.

रेटचं काम वेगळं आहे. सेकंदाला 2000 नमुने घेतले तर 1000 च्या वरचं सगळं दुमडून खाली येतं: 1976 हर्ट्झचं कंपन बरोबर 24 वर येऊन बसतं आणि चांगल्या रोटरवर आळ येतो. म्हणून एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधी वरच्या वारंवारता अडवणारा फिल्टर हवाच. एडीएक्सएल 335 हा कंपनाचा सेन्सर वापरणार असाल तर फिल्टर ठरवणारे बोर्डावरचे कपॅसिटर पाहून घ्या. बऱ्याच तयार बोर्डांवर ते 0.1 मायक्रोफॅरडचे असतात, म्हणजे 50 हर्ट्झपासूनच सिग्नल दबायला लागतो. 0.01 चे लावले की मर्यादा 500 वर जाते. हा फिल्टर फार उताराचा नाही, मर्यादेच्या वरचं हळूहळूच दाबतो, म्हणून रेट 5000 ठेवा. नमुने टायमर इंटरप्टवर (घड्याळाच्या ठोक्याला आपोआप) घ्या, लूपमध्ये डिले टाकून नको. नमुन्यांवरून स्पेक्ट्रम काढणारी रीत, एफएफटी, नमुन्यांमधलं अंतर समान धरूनच चालते.

कोड घरी खोट्या सिग्नलवर तपासा. 24 हर्ट्झला 1 आणि 50 ला 0.3 उंचीच्या दहा सेकंदांच्या साइन लहरी बनवून त्यांची बेरीज करा, सरासरी वजा करा (नाहीतर गुरुत्वाकर्षणाचा 1 जी शून्य हर्ट्झवर सगळ्या आलेखाला खुजा करतो), हॅन विंडो लावा (नोंदीची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक), पायथनच्या नंपाय लायब्ररीतलं आरएफएफटी हे फंक्शन चालवा आणि उत्तराच्या मापाला विंडोच्या बेरजेच्या निम्म्याने भागा. 1 आणि 0.3 परत मिळायलाच हवेत. मग 24 च्या जागी 24.05 घालून बघा. शिखर दोन घरांच्या मधोमध पडतं आणि उंची 0.85 च्या आसपास दिसते. आकडा एवढा खाली येऊ शकतो हे आधी पाहिलेलं असलं, म्हणजे शॉपमध्ये दोन नोंदींच्या उंचीतल्या थोड्या फरकावरून कुणाला बेअरिंग बदलायला सांगणार नाही.

सोबत टॅकोमीटर घ्या, 1440 गृहीत धरू नका. सेन्सर बेअरिंगच्या घरावर घट्ट बसवा, पंख्याच्या पत्र्याच्या कव्हरवर नको, हातात धरून तर अजिबात नको. पहिली नोंद मोटर बंद ठेवून घ्या. तिथे शॉपला शॉप लागून आहे आणि शेजारच्या मशीनचं कंपन जमिनीतून येतंच.