जीटी गाडी डिझाईन करायचीय? आधी रस्ता ठरवा, बॉनेट नंतर काढा

दरवर्षी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची पोरं येतात, कोणी जळगावचं कोणी धुळ्याचं कोणी शहाद्याचं, फोन पुढे करतात आणि म्हणतात दादा हे बघा, लक्झरी ग्रँड टूरर काढलीय, प्रोजेक्टला घेऊ का. स्केच खरंच भारी असतं, लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छत, मोठी चाकं. मग मी विचारतो की ही गाडी कुठून कुठे जाणार आणि आत कोण बसणार, तर उत्तर येत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण जीटी म्हणजे ग्रँड टूरर, लांबचा प्रवास वेगात आणि आरामात करायची गाडी, आणि तिची खरी परीक्षा चौथ्या तासाला होते भो, पहिल्या दहा सेकंदात नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारी जुनी माणसं बघा, ती नुसतं पळणं बघत नाहीत, चाल बघतात. रेवाल चालीचा घोडा वेगात असतो पण स्वाराची पाठ हलू देत नाही, आणि त्याची किंमत त्या चालीची असते. ग्रँड टूरर म्हणजे तेच. १९५१ ला आलेली लान्सिया ऑरेलिया बी२० ही या जातीच्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक मानली जाते, दोन लिटरचं व्ही६ इंजिन (सहा सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे मांडलेलं) पुढे, गिअरबॉक्स मागच्या अ‍ॅक्सलला, आणि त्याच वर्षी मिले मिलिया या जवळपास सोळाशे किलोमीटरच्या रेसमध्ये ती कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून दुसरी आली. ताकद कमी होती पण वजन बरोबर जागी होतं.

तर पहिलं काम, कागदावर रस्ता लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच देतो, जळगाव ते मुंबई, चारशेच्या वर किलोमीटर, एरंडोल पारोळा धुळे मालेगाव नाशिक आणि मग कसारा घाट, महिना मे, आत दोघं मोठे आणि मागे दोन पोरं, डिक्कीत दोन बॅगा, केळीच्या वेफर्सच्या पिशव्या आणि आजीने मुंबईच्या आत्याला दिलेला पापडाचा डबा. हसू नका, तो डबा खरंच मोजा, लांबी रुंदी उंची लिहा, डिक्कीचा आकार तिथून ठरतो. एवढं लिहिलं की अर्धे निर्णय आपोआप होतात.

मग प्रमाण. टायर ठरवा आधी. समजा २७५/३५ आर२१ घेतला, म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ३५ टक्के आणि रिम २१ इंचाची, तर २७५ चे ३५ टक्के म्हणजे ९६ मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून १९२, त्यात २१ इंच म्हणजे ५३३ मिळवा, चाक झालं साधारण ७२५ मिलिमीटरचं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर, २८५० धरला तर दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत जवळजवळ तीन चाकं मावली पाहिजेत, आणि गाडीची उंची दोन चाकांपेक्षा थोडी कमी. हे जमलं की गाडी ऐटबाज दिसते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून डॅशबोर्डच्या बुडापर्यंतचं अंतर मात्र सगळ्यात महत्त्वाचं, लांब नाकाचा रुबाब तिथे असतो. बेंटलीने २०१७ ला तिसरी कॉन्टिनेंटल जीटी दाखवली तेव्हा पुढचा अ‍ॅक्सल १३५ मिलिमीटर पुढे सरकवला होता, कारण आधीच्या गाडीत इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे लोंबकळायचं आणि नाक जड वाटायचं. वीतभरही नाही भरत ते अंतर, पण त्यासाठी अख्खा प्लॅटफॉर्म बदलला त्यांनी.

आता वजन, इथे थांबून हिशोब करा, घाई करू नका. समजा बॅटरी सोडून गाडी २०५० किलोची आहे आणि ५४ टक्के वजन पुढे, म्हणजे पुढे ११०७ आणि मागे ९४३. आता हायब्रीडची १५० किलोची बॅटरी मागच्या अ‍ॅक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे ठेवली, तर पुढच्या अ‍ॅक्सलपासून ती ३.१५ मीटरवर आली, १५० गुणिले ३.१५ भागिले २.८५ केलं की मागे १६६ किलो वाढतात आणि तराजूसारखं पुढचे १६ किलो उचलले जातात. नवीन आकडे पुढे १०९१, मागे ११०९. एका डब्याने गाडी समतोल झाली. बेंटलीने २०२४ च्या जीटीत हेच केलं, बारा सिलिंडरचं डब्ल्यू१२ इंजिन बंद करून ४ लिटरचा व्ही८ हायब्रीड आणला, ७८२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), आणि २५.९ किलोवॅट-अवरची बॅटरी मागे टाकली, त्यामुळे वजन ४९ पुढे ५१ मागे झालं. मासेराती ग्रानटुरिस्मो फोल्गोरे पूर्ण इलेक्ट्रिक आहे, पण तिथे बॅटरी तळाला पसरवली नाही, मधल्या बोगद्यात आणि मागच्या बाजूला इंग्रजी टी सारखी रचली, नाहीतर सीट वर आली असती आणि जीटीची बैठक गेली असती.

हा हिशोब हाताला कळावा म्हणून घरची कुठलीही गाडी घ्या आणि जिनिंगच्या वजनकाट्यावर जा, आपल्याकडे कापसामुळे काटे भरपूर आहेत, सीझन नसताना मालकाला विनंती केली की करू देतात. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. मग डिक्कीत सिमेंटच्या दोन गोण्या टाकून परत. वहीतला तराजू खरा होताना दिसतो, ते एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

आता चाल. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या असं माझं ठाम म्हणणं आहे.

आपली जमीन काळी कापसाची, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबर फुटलं नसलं तरी रस्ता लाटांसारखा होतो, खड्डा दिसत नाही पण गाडी झोके खाते आणि मागची पोरं उलट्या करतात. याचं गणित सोपं आहे. स्प्रिंगवर बसलेल्या बॉडीची स्वतःची एक लय असते, लक्झरी गाडीत ती सेकंदाला एक ते सव्वा वेळा, स्पोर्ट्स गाडीत दीड ते दोन. समजा १.२ घेतली. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, त्याला १.२ ने भागा, २३ मीटर आले. म्हणजे रस्त्यावर दर २३ मीटरला एक लाट असेल तर गाडी बरोबर स्वतःच्या लयीत उसळायला लागेल, झोक्याला जसा नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं. अशा वेळी आवरायचं काम शॉकअपचं, स्प्रिंगचं नाही.

स्प्रिंग किती कडक हवी तेही काढा. एका चाकावर बॉडीचं ५०० किलो वजन, लय १.२, तर २ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले १.२, या सगळ्याचा वर्ग, आणि तो गुणिले ५००, उत्तर येतं चाकाजवळ साधारण २८ न्यूटन प्रति मिलिमीटर. स्प्रिंग चाकाच्या आत बसवलेली असते, समजा चाक १० हललं तर ती ७ दबते, मग २८ ला ०.७ च्या वर्गाने भागा, स्प्रिंग ५७ ची लागेल. पोरं ही पायरी विसरतात आणि मग वहीतली गाडी प्रत्यक्षात पाण्यावरच्या होडीसारखी डुलते. पुढचा प्रश्न, माणसं आणि सामान मिळून एका चाकावर ९० किलो वाढले तर गाडी ३१ मिलिमीटर खाली बसेल. म्हणून महागड्या जीटीत एअर स्प्रिंग असते, वजन वाढलं की हवा वाढवून उंची तेवढीच ठेवते. आणि शॉकअपमध्ये दाबताना वेगळा व्हॉल्व आणि सुटताना वेगळा, नव्या कॉन्टिनेंटलमध्ये तसेच आहेत, त्याने लाटेवर बॉडी आवरली जाते आणि बारीक खडीचा कंप मात्र आत येत नाही.

अजून एक जुनी गोष्ट आहे, मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलेली. उंचवट्यावर पुढचं चाक आधी जातं, मागचं थोड्या वेळाने, ताशी १०० ला २८५० च्या व्हीलबेसला तो फरक सेकंदाचा दहावा हिस्सा. मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी डोकं हलवायच्या ऐवजी सपाट वरखाली होते. प्रवासात पुढेमागे डुलणं कमी होतं ते याने. नव्वद वर्षं होत आली, कॉम्प्युटर आले, पण हा नियम अजून पहिल्या पानावर लिहायचा.

आता गतिरोधक, आपल्याकडे याच्याशिवाय गाडी पूर्ण होत नाही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. २८५० चा व्हीलबेस त्यावर मधोमध आला तरी दोन्ही चाकं गतिरोधकावरच असतात, पोटाखाली फक्त ६० मिलिमीटर लागतात, १२० चा क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतली जागा) असेल तर आरामात जाते. पण गावाच्या वेशीवर कोणीतरी रातोरात टाकलेला हातभर रुंद आणि वीतभर उंच बांध असतो, तिथे चाकं दोन्ही बाजूला खाली आणि पोट बांधावर, म्हणजे बांधाच्या पूर्ण उंचीएवढा क्लिअरन्स पाहिजे, नाहीतर चेंबर (इंजिन ऑइलचं भांडं) फुटलंच. म्हणून बटणाने गाडी उचलायची सोय ठेवा, एअर स्प्रिंग असेल तर ती सोय आयती मिळते, आणि तळ सपाट झाका, कुठलाही पाईप खाली लोंबता नको.

उष्णता. भुसावळ जळगावचा मे महिना ४५ अंशाच्या पुढे जातो, आणि जीटीचं इंजिन मोठं, बॉनेट बंद, पुढची जाळी देखणी पण अरुंद. बेंटलीच्या आणि अ‍ॅस्टन मार्टिन डीबी१२ च्या ४ लिटर व्ही८ मध्ये दोन्ही टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) सिलिंडरांच्या व्हीच्या पोटात बसवलेले आहेत, जागा वाचते आणि टर्बो लवकर चालू होतो, पण सगळी आग मधोमध साठते. गाडी पळताना त्रास नाही, खरी तारांबळ बंद केल्यावर, हवा थांबते आणि गरम लोखंड आजूबाजूच्या रबर प्लॅस्टिकला शेकत बसतं. म्हणून कुलंटचा इलेक्ट्रिक पंप आणि फॅन चावी काढल्यावरही काही वेळ चालू राहिले पाहिजेत, आणि पुढच्या चाकामागे गरम हवा बाहेर पडायला वाट ठेवा. ती फट स्केचमध्ये सगळे काढतात, पण आतून तिला रस्ता दिलाय का ते बघा, नसेल तर ती नुसती नक्षी आहे. एसीचं रेडिएटर, इंजिनचं, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर आणि बॅटरीचं कूलिंग या चौघांना पुढच्या जाळीतून किती किती जागा दिली ते कागदावर लिहाच. काचेचं मोठं छत मला स्वतःला आपल्या उन्हात पटत नाही, द्यायचंच तर उष्णता अडवणारी काच आणि आतून पडदा दोन्ही द्या.

हवेचा विरोध थोडक्यात सांगतो. ०.२९ चा ड्रॅग आकडा आणि २.३ चौरस मीटरचं तोंड धरलं तर ताशी १०० ला हवा कापायला साडेआठ किलोवॅट पुरतात, २०० ला जवळपास ६९ लागतात, वेग दुप्पट तर ताकद आठपट. मागे उतरणाऱ्या छतामुळे मागचा भाग उचलला जातो, त्यावर सगळे पंख लावतात. अ‍ॅस्टनने २०१६ च्या डीबी११ ला मागच्या खांबाजवळ हवा आत घेऊन डिक्कीच्या झाकणातल्या फटीतून वर सोडली, पंख न दिसता काम झालं, मला ती युक्ती फार आवडते.

आता हाताने करायचं काम. कॉलेजमधली सहा मीटरची रिकामी भिंत शोधा आणि काळ्या चिकटपट्टीने गाडीची बाजू खऱ्या मापात चिकटवा. पट्टी ताणून लावली की वळण आपोआप गुळगुळीत येतं, चुकलं तर काढून परत. मोठ्या कंपन्यांत आजही टेप ड्रॉइंग करतात. भिंतीसमोर खरी खुर्ची ठेवून त्या उंचीवर बसा, डोकं छताच्या रेषेला लागतंय का बघा, आणि मुद्दाम घरच्या म्हाताऱ्या माणसाला बसवून उठवा. माझ्याकडच्या एका पोराने असं आजोबांना बसवलं, त्यांना हात दिल्याशिवाय उठता येईना, त्याने सीट ४० मिलिमीटर वर घेतली आणि छताची रेषा परत चिकटवली, दोन दिवस गेले पण गाडी सुधारली.

मग क्ले, म्हणजे मातीचं मॉडेल. एकास दहा केलं तर मॉडेल अर्ध्या मीटरचं होतं, कॉलेजला तेवढं पुरे. इंडस्ट्रियल क्ले साधारण ६० अंशाला मऊ करून लावतात, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात कडा टिकत नाहीत, हे काम दिवाळीनंतर करा. तयार झालं की चंदेरी फिल्म चढवा, वर दोन ट्यूबलाईट समांतर लावा आणि मॉडेल हळूहळू फिरवा, ट्यूबची रेघ दारावरून सरळ वाहत गेली पाहिजे, कुठे तुटली वळवळली तर तिथे क्ले खरवडा.

आतल्या बाजूला फार लिहीत नाही, एवढंच की एसी आणि आवाजाची बटणं हाताला न बघता सापडली पाहिजेत, घाटात स्क्रीनकडे बघायला वेळ नसतो, आणि काळं लेदर उन्हात किती तापतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. फिकट रंग घ्या, सीटला हवा खेळेल अशी भोकं द्या. काचा दुहेरी थराच्या घ्या आणि टायरमध्ये फोमचा थर असलेला प्रकार निवडा, चौथ्या तासाला डोकं दुखतं ते टायरच्या घरघरीने.

सबमिट करायच्या आधी एक दिवस काढा. फोनमध्ये कंपन मोजायचं ॲप टाका, फोन ड्रायव्हर सीटच्या खाली तळाला घट्ट चिकटवा आणि मित्राच्या किंवा काकांच्या गाडीने धुळ्यापर्यंत जाऊन या, वेग एकसारखा ठेवा. ग्राफमध्ये एक उंचवटा सेकंदाला एक ते दीड कंपांजवळ दिसेल, ती बॉडी, दुसरा दहा बाराच्या आसपास, ती चाकं. तुमच्या वहीतला १.२ या ग्राफशेजारी ठेवा, जिथे लाट जास्त लागली तो किलोमीटर दगड लिहून घ्या, आणि शॉकअपचे आकडे त्या दगडासाठी काढा.